पडद्यावरचा लंबक आणि दोऱ्याचा लंबक

माध्यमिक शाळेत संगणक, डिजिटल फळा आणि मोबाइल फोन यांचा वापर करावा की न करावा, हा वाद आता जुना झाला आहे. उपकरणे शाळेत आली आहेत आणि ती परत जाणार नाहीत. त्यांच्या बाजूने बोलणारे आणि विरुद्ध बोलणारे असे दोन गट मात्र अजूनही एकमेकांसमोर उभे असतात. एका गटाला प्रत्येक नवे उपकरण क्रांती वाटते, तर दुसऱ्याला संकट. वर्गात रोज उभे राहणाऱ्या शिक्षकाला या दोन्ही मतांचा फारसा उपयोग नाही. त्याच्यासमोरचा प्रश्न साधा असतो : उद्याच्या तासाला लंबक शिकवायचा आहे, तर दोरा आणि गोळा घेऊन जाऊ की पडद्यावरचे सिम्युलेशन दाखवू?

या लेखात हा प्रश्न विज्ञानाच्या प्रयोगांपुरता तपासायचा आहे. पडद्यावर जेव्हा एखादी संख्या दिसते, तेव्हा ती कुठून आली हे विचारायचे, एवढीच आपली कसोटी. ही संख्या दोन ठिकाणांहून येऊ शकते. एक तर कोणीतरी संगणकाला आधीच सांगून ठेवलेल्या सूत्रातून, किंवा मग प्रत्यक्ष निसर्गातून, म्हणजे एखाद्या संवेदकाने केलेल्या मापनातून. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

सिम्युलेशन : सूत्राचे हलते चित्र

शाळांमध्ये सर्वाधिक वापरली जाणारी विज्ञानाची सिम्युलेशने ‘फेट’ या प्रकल्पाची आहेत. हा प्रकल्प २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी सुरू केला. वायमन यांना आदल्याच वर्षी, २००१ साली, भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या विषयांची दीडशेहून अधिक सिम्युलेशने या प्रकल्पाने तयार केली आहेत. ती मोफत आहेत, एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालतात आणि त्यांतील अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. आपल्या शाळांसाठी या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या.

हे काम चांगले आहे, हे आधीच नोंदवतो. वाईट सिम्युलेशनवर टीका करणे सोपे असते, पण त्यातून काही शिकता येत नाही. म्हणून उत्तम सिम्युलेशन घेऊन त्याची मर्यादा कुठे आहे ते पाहू.

‘फेट’चे लंबकाचे सिम्युलेशन उघडले की पडद्यावर एक दोरी आणि तिला बांधलेला गोळा दिसतो. दोरीची लांबी बदलता येते, गोळ्याचे वस्तुमान बदलता येते, घर्षण कमीजास्त करता येते. शिवाय लंबक चंद्रावर, गुरूवर किंवा ‘ग्रह एक्स’ नावाच्या अज्ञात ग्रहावर नेता येतो. दोलनकाल मोजणारे एक यंत्र सोबत आहे. लांबी १ मीटर ठेवून पृथ्वीवरचा दोलनकाल मोजा : २.००६ सेकंद. पुन्हा मोजा : २.००६. शंभर वेळा मोजा, शेजारच्या शाळेतल्या मुलाने मोजू द्या, तरी तेच उत्तर येईल.

अर्थातच येईल. कारण संगणकाने काहीही मोजलेले नाही. पृथ्वीचे गुरुत्व त्वरण ९.८१ धरून त्याने गणित सोडवले आणि त्याचे उत्तर चित्राच्या रूपात दाखवले. विद्यार्थी त्या चित्रावर ‘प्रयोग’ करून सूत्र ‘शोधतो’ तेव्हा प्रत्यक्षात तो कार्यक्रम लिहिणाऱ्याने आत ठेवलेलेच सूत्र बाहेर काढत असतो. यालाही शिक्षणात स्थान आहे. पण याला प्रयोग म्हणणे बरोबर नाही.

वीस दोलने कशासाठी?

आता दोऱ्याच्या लंबकाकडे वळू. एक मीटर दोरा, टोकाला जड नट किंवा धातूचा गोळा, आणि साधे स्टॉपवॉच. पहिलीच अडचण लांबीची. ती गाठीपासून मोजायची की गोळ्याच्या वरच्या टोकापासून? लांबी आधारबिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत मोजायची, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. पण ते केंद्र पट्टीवर नेमके कुठे येते हे ठरवताना मुलांची भांडणे होतात, आणि त्या भांडणातच ती ओळ समजते. पडद्यावर लांबीची चकती सरकवली की ०.७० मीटर लांबी मिळते. केंद्राचा प्रश्न उद्भवतच नाही.

दुसरी अडचण वेळेची. डोळ्याने पाहून बोटाने घड्याळ सुरू आणि बंद करताना सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याची, म्हणजे सुमारे ०.२ सेकंदाची चूक सहज होते. एकच दोलन मोजले तर दोन सेकंदांत ०.२ सेकंद, म्हणजे १० टक्के चूक. वीस दोलने मोजली तर तीच ०.२ सेकंदाची चूक ४० सेकंदांत पसरते आणि अर्ध्या टक्क्यावर येते. गुरुत्व त्वरण काढताना दोलनकालाचा वर्ग घ्यावा लागतो, त्यामुळे तेथे ती एक टक्का होते. म्हणजे दोरा, नट आणि दोनशे रुपयांचे घड्याळ एवढ्यावर नववी-दहावीतला विद्यार्थी पृथ्वीचे गुरुत्व त्वरण एक-दोन टक्क्यांपर्यंत काढू शकतो. ही लहानसहान गोष्ट नाही.

‘वीस दोलने मोजा’ ही सूचना आपण वर्षानुवर्षे जर्नलमध्ये लिहून घेतो. तिच्यामागचे कारण मापनातील चुकीत आहे. ज्या पडद्यावर चूकच होत नाही, तेथे वीस दोलने मोजण्याचे काही कारण उरत नाही. पद्धत एक निरर्थक विधी होऊन बसते. सिम्युलेशनने प्रयोग सोपा केला असे आपण म्हणतो. वास्तविक त्याने प्रयोगपद्धतीची गरजच काढून टाकलेली असते.

समजा, वर्गात आठ गट आहेत आणि त्यांची उत्तरे ९.६, ९.९, ९.७, १०.१, ९.८, ९.५, ९.८ आणि ८.७ अशी आली. या आठ संख्या फळ्यावर लिहिल्या की शिकवण्यासारखे किती तरी मिळते. उत्तरे वेगवेगळी का आली? सरासरी घ्यावी का? ८.७ हे उत्तर टाकून द्यायचे का? टाकायचे तर कोणत्या कारणाने? केवळ पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही म्हणून? की त्या गटाने वीसच्या जागी एकवीस दोलने मोजली, असे तपासून काढता येईल? माझ्या रोजच्या कामात या प्रश्नांवर जेवढा वेळ जातो, तेवढा सूत्रांवर जात नाही. वैज्ञानिकाचा दिवस बहुतांशी ‘ही संख्या खरी मानू का?’ या प्रश्नात जातो. शाळेत हा प्रश्न भेटण्याची जागा म्हणजे दोऱ्याचा लंबक. तो काढून घेतला, तर विज्ञान म्हणजे चार दशांश स्थळांपर्यंत बिनचूक उत्तरांचा संग्रह, अशी समजूत घेऊन मुले शाळेतून बाहेर पडतात.

रिशेचे मागे पडणारे घड्याळ

यावर कोणी म्हणेल की, चुका हा प्रयोगाचा दोष आहे. तो टाळता आला तर बिघडले कुठे? याचे उत्तर लंबकाच्याच इतिहासात आहे.

१६७२ साली झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, विषुववृत्तानजीकच्या काएन येथे ग्रहांचे वेध घेण्यासाठी गेला होता. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ काएनला रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. सेकंदाचा ठोका बरोबर येण्यासाठी लंबकाची लांबी जवळजवळ ३ मिलिमीटरने कमी करावी लागली. एक मीटरमध्ये तीन मिलिमीटर! ‘दोरा ताणला असेल’, ‘उष्णतेने लांबी वाढली असेल’ असे म्हणून हा फरक सोडून देणे अगदी सोपे होते. पण रिशेने महिनोन्महिने नोंदी ठेवल्या आणि फरक खरा असल्याचे दाखवून दिले. विषुववृत्ताजवळ गुरुत्व त्वरण कमी आहे, हा त्याचा अर्थ. न्यूटनने १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये हा पुरावा वापरला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि तिचा आकार ध्रुवांकडे किंचित चपटा आहे, या दोहोंशी हा फरक जोडलेला आहे.

पडद्यावरच्या लंबकाला हा शोध कधीही लागला नसता. त्याच्या ‘पृथ्वी’ला एकच गुरुत्व त्वरण आहे : ९.८१. ते साधारण पॅरिसच्या अक्षांशाचे आहे. मुंबईत प्रत्यक्ष मूल्य ९.७८६च्या आसपास भरते. सूत्रात जे घातलेले नाही ते सिम्युलेशनमधून बाहेर येऊ शकत नाही. निसर्ग मात्र आपण सूत्रात घालायला विसरलेल्या गोष्टीही हिशेबात धरतो. प्रयोगाची सारी ताकद येथे आहे. उत्तर चुकले की कधी चूक आपली असते, कधी उपकरणाची, आणि क्वचित प्रसंगी सूत्राची. ही तिसरी शक्यता ज्या व्यवस्थेत कायमची बंद आहे, तिच्यात वैज्ञानिक वृत्ती कशी रुजणार?

सिम्युलेशनची खरी बाजू

इतके झाल्यावर सिम्युलेशन फेकून द्यावे असा निष्कर्ष कोणी काढेल, तर तोही चुकीचा ठरेल. याच लंबकाच्या सिम्युलेशनमध्ये दोन गोष्टी अतिशय विचारपूर्वक केल्या आहेत.

पहिली म्हणजे मोठा कोन. ‘दोलनकाल झोक्याच्या रुंदीवर अवलंबून नसतो’ असे आपण शिकवतो. गॅलिलिओलाही तसेच वाटत होते. पण हे फक्त लहान कोनांसाठी, तेही अंदाजे, खरे आहे. कोन ३० अंश घेतला की दोलनकाल सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ७ टक्क्यांनी आणि ९० अंशांना १८ टक्क्यांनी. ‘फेट’च्या सिम्युलेशनने पुस्तकातले सोपे सूत्र न वापरता पूर्ण गणित सोडवले आहे, म्हणून हा फरक तेथे दिसतो. मग दोऱ्यावर परत यावे. ५ अंशांनी सोडलेल्या एक मीटरच्या लंबकाची १० दोलने सुमारे २०.१ सेकंदांत होतात. ६० अंशांनी सोडला तर एक सेकंदाच्या आसपास जास्त लागतो. हवेमुळे झोका लहान होत जातो, त्यामुळे फरक गणितापेक्षा थोडा कमी भरतो, पण साध्या घड्याळावरही तो पकडता येतो. पुस्तकातल्या विधानाला मर्यादा असते हे मुलांनी स्वतः पाहणे, यासारखा धडा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘ग्रह एक्स’. त्याचे गुरुत्व त्वरण दाखवलेले नाही. ते मोजून काढायचे आहे. येथे उत्तर आधी माहीत नसते, म्हणून मापनाला अर्थ येतो. शिक्षकांनी एक करावे : दोलनकाल आपोआप दाखवणारे यंत्र बंद ठेवावे आणि सिम्युलेशनमध्येच दिलेले हाताने चालवायचे स्टॉपवॉच वापरायला सांगावे. मग बोटाची चूक परत येते, गटागटांची उत्तरे वेगळी येतात आणि वीस दोलनांना पुन्हा कारण मिळते. तंत्रज्ञान तेच असते. फरक शिक्षकाने कोणते बटण बंद ठेवले एवढाच.

परिपथ : न दिसणारे दाखवणे

सिम्युलेशनचा सर्वांत भक्कम दावा विद्युत परिपथांच्या बाबतीत आहे, आणि त्याला पुरावाही आहे. २००५ साली नोआ फिंकेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोरॅडो विद्यापीठातील प्राथमिक भौतिकीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाने प्रयोगशाळेत खरे दिवे, तारा आणि मीटर वापरले. दुसऱ्याने त्यांच्याऐवजी परिपथाचे सिम्युलेशन. नंतर दोन्ही गटांना खऱ्या वस्तूंचा परिपथ जोडून त्याचे स्पष्टीकरण लिहायला सांगितले. सिम्युलेशनवर शिकलेल्यांनी ते काम कमी वेळात केले आणि त्यांची स्पष्टीकरणेही अधिक चांगली होती.

हे कसे घडले असावे, ते वर्गात डोकावल्यास कळते. दिव्यातून गेल्यावर विद्युतधारा थोडी ‘संपते’, अशी बहुतेक मुलांची समजूत असते. खऱ्या तारेत काहीच दिसत नाही, त्यामुळे ही समजूत तशीच राहते. सिम्युलेशनमध्ये दिव्याच्या आधी आणि नंतर इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके सारख्याच वेगाने सरकताना दिसतात. वर्षभर सांगून न पटलेली गोष्ट पाच मिनिटांत पटते. जे डोळ्यांना दिसू शकत नाही ते दाखवणे, हे सिम्युलेशनचे खरे क्षेत्र. लंबक डोळ्यांना दिसतो, इलेक्ट्रॉन दिसत नाहीत. या दोन विषयांत पडद्याची योग्यता वेगवेगळी ठरते, ती यामुळे.

तरीही दोन सावधगिऱ्या हव्यात. हा अभ्यास विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा होता आणि त्याची सूत्रे शिकवणाऱ्यांच्या हाती होती. तो जसाच्या तसा आपल्या नववीच्या वर्गाला लावता येत नाही. शिवाय ठिपक्यांचे चित्र काही नवे गैरसमजही पेरते. एक चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा वाहत असेल, तर इलेक्ट्रॉनांचा सरकण्याचा सरासरी वेग सेकंदाला अवघा ०.०७ मिलिमीटर असतो. एक मीटर जायला त्यांना पावणेचार तास लागतील! बटण दाबताच दिवा का लागतो, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. तो विचारला गेला तर उत्तम. न विचारता ठिपके नुसते पाहिले गेले, तर इलेक्ट्रॉन तारेतून धावत जाऊन दिवा लावतात हे चित्र डोक्यात पक्के बसते.

शिवाय पडद्यावरचा घट आदर्श असतो. नऊ व्होल्टचा घट आणि दहा ओहमचा दिवा, धारा बरोबर ०.९ अँपिअर. खऱ्या टॉर्चचा दिवा पेटला की त्याच्या टंगस्टनच्या तंतूचा रोध थंड असतानाच्या सुमारे दसपट होतो, त्यामुळे त्याचा आलेख सरळ रेषेत येत नाही. खरा घट जुना झाला की दिवा जोडताच त्याचे विभवांतर खाली येते. तारेचे टोक गंजलेले असते, पकड सैल असते. घरात ट्यूब लागत नाही तेव्हा कामाला येते ते हे ज्ञान. बिघाड शोधणे ही तर्काची कसरत आहे, आणि जेथे तारा कधी सैलच होत नाहीत तेथे ती घडत नाही.

नुसत्या चित्रफिती

डिजिटल फळ्यावर सर्वाधिक दाखवल्या जातात त्या चित्रफिती. त्यांच्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ज्वालामुखी, पेशीविभाजन, ग्रहणाचा देखावा, अशा वर्गात आणता न येणाऱ्या गोष्टींसाठी त्या उपयोगी आहेत. पण मीठ पाण्यात विरघळण्याची चित्रफीत दाखवणाऱ्या शाळेने पाण्याचा ग्लास कुठे गेला, हे स्वतःला विचारावे. चित्रफितीत विद्यार्थ्याला काही बदलता येत नाही, म्हणून ‘असे केले तर?’ हा प्रश्नही तेथे विचारता येत नाही.

फोन : खिशातली प्रयोगशाळा

आता पडद्यावरच्या दुसऱ्या प्रकारच्या संख्येकडे, म्हणजे निसर्गातून आलेल्या संख्येकडे वळू. आजच्या साध्या फोनमध्येही त्वरण मोजणारा संवेदक आणि मायक्रोफोन असतो, बऱ्याच फोनांत चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदकही. जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेले आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप या संवेदकांची मूळ मापने पडद्यावर आलेखाच्या रूपात दाखवते. माझ्या मते शाळेतील डिजिटल तंत्रज्ञानाचा सर्वांत कमी वापरलेला आणि सर्वांत मोलाचा भाग हा आहे.

‘गुरुत्वासह त्वरण’ हा पर्याय निवडून फोन टेबलावर ठेवा. तो स्थिर असूनही ९.८च्या आसपास त्वरण दाखवतो! आता कोणाला तरी तोच फोन दीड मीटर उंचीवरून जाड गादीवर सोडायला सांगा. पडत असताना आलेख जवळजवळ शून्यावर येतो. स्थिर असताना ९.८ आणि पडताना शून्य, हे मुलांच्या अपेक्षेच्या अगदी उलट असते. उत्तर संवेदकाच्या रचनेत आहे. सिलिकॉनचा अतिसूक्ष्म ठोकळा तशाच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो आणि तो चौकटीपासून किती सरकला हे विद्युत धारितेतील बदलावरून मोजले जाते. फोन टेबलावर असताना स्प्रिंगांना ठोकळ्याचे वजन पेलावे लागते. फोन पडत असताना चौकट आणि ठोकळा एकत्रच पडतात, स्प्रिंग ताणलीच जात नाही. अंतराळयानातील वजनरहित अवस्था हीच. राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाचा धडा पहिलाच आहे. त्या धड्याला याहून चांगली जोड मिळणे कठीण. शिवाय आलेख किती वेळ शून्याजवळ राहिला ते मोजा. दीड मीटरसाठी ते सुमारे ०.५५ सेकंद भरते आणि त्यावरून गुरुत्व त्वरण तीन-चार टक्क्यांच्या चुकीने काढता येते.

दुसरा प्रयोग ध्वनीच्या वेगाचा. या ॲपमधील ध्वनीचे स्टॉपवॉच एका आवाजावर सुरू होते आणि पुढच्या आवाजावर थांबते. दोन फोन शांत व्हरांड्यात बरोबर ५ मीटर अंतरावर ठेवा. पहिल्या फोनजवळच्या मुलीने टाळी वाजवली की तिचा फोन लगेच सुरू होतो. दुसरा, आवाज तेथे पोहोचल्यावर. मग दुसऱ्या फोनजवळच्या मुलाने टाळी वाजवायची. त्याचा फोन लगेच थांबतो. पहिला, आवाज परत पोहोचल्यावर. दोन फोनांनी दाखवलेल्या वेळांतला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ, सुमारे ०.०२९ सेकंद. टाळी वाजवायला कोणी उशीर केला तरी या फरकात काही बदलत नाही. हे का, याचा विचार मुलांना करू द्यावा. सांगून टाकू नये.

येथेही धोका आहे. याच ॲपमध्ये फोन लंबकासारखा टांगून दोलनकाल आणि गुरुत्व त्वरण थेट दाखवण्याची सोय आहे. ती वापरली की फोन पुन्हा उत्तरे देणारी पेटी बनतो. मूळ आलेख घ्यावा, त्यावरची शिखरे मुलांनी मोजावीत, भागाकार कागदावर करावा. मापन यंत्राकडे सोपवायला हरकत नाही. अर्थ लावण्याचे काम सोपवू नये.

कुलपातले कपाट

हा सगळा विचार केवळ पद्धतीचा नाही, खर्चाचा आणि प्राधान्याचाही आहे. काही शाळांत मी पाहिले आहे की डिजिटल फळ्याची खोली पाहुण्यांना आवर्जून दाखवली जाते, आणि प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधावे लागते. आतले ॲमीटर चालू आहेत की नाहीत, हे कोणालाच सांगता येत नाही. ‘आता सगळे पडद्यावर दाखवता येते’ हे वाक्य अशा वेळी सोयीचे पडते. परीक्षेतही जर्नल पूर्ण असणे पुरते, त्यामुळे हरकत कोणी घेत नाही. मुलांना मात्र आपले काय गेले ते कळतही नाही.

उपकरण दिले की शिक्षण आपोआप सुधारते, ही आशा इतर देशांतही तपासून झाली आहे. पेरू देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप देण्यात आले. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात गणित आणि भाषा यांच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. लॅपटॉप आले, पण वर्गात शिकवण्याची रीत बदलली नव्हती.

फोनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘असर’च्या २०२३ सालच्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी होती. घरात स्मार्टफोन असणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या जवळ होते. पण स्वतःचा फोन असण्याचे मुलींमधले प्रमाण मुलांच्या निम्म्याहून कमी होते. ‘घरी फोनवर करून आणा’ असे सांगितले की हा प्रयोग कोण करणार आणि कोण वहीत उतरवून घेणार, हे आधीच ठरून जाते. म्हणून फोनचे प्रयोग शाळेत, शिक्षकाच्या फोनवर, गटाने करावेत. टाळी मुलीने वाजवावी आणि आलेखही तिने वाचावा.

तासाला जाण्यापूर्वी

वर्गात पडदा लावण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पडद्यावर दिसणारी संख्या सूत्रातून आली आहे की मापनातून, आणि हे विद्यार्थ्यांना माहीत आहे का? जे दाखवतो आहे ते प्रत्यक्ष आणणे खरोखर अशक्य आहे का? आणि विद्यार्थ्याचे उत्तर चुकण्याची येथे काही शक्यता आहे का?

या प्रश्नांवरून क्रमही ठरतो. लंबकासाठी आधी दोरा, मग पडदा. आठ गटांची उत्तरे फळ्यावर आल्यानंतर सिम्युलेशन उघडावे आणि विचारावे, ‘याचे उत्तर दर वेळी सारखेच का येते?’ परिपथासाठी उलट केले तरी चालेल. आधी ठिपके पाहून कल्पना स्पष्ट करावी, पण तास संपण्यापूर्वी खरा घट आणि खरा दिवा हातात द्यावा, आणि दोन्हींची उत्तरे का जुळत नाहीत ते शोधायला लावावे. हा न जुळणारा भागच जर्नलमध्ये लिहून घ्यावा.

ज्या शाळेत डिजिटल फळा नाही, तेथील शिक्षकांनी मन लहान करून घेण्याचे कारण नाही. रिशेकडे लंबक, घड्याळ, वही आणि न जुळणारी संख्या खोडून न टाकण्याचा निग्रह होता. यातली शेवटची गोष्ट कोणत्याही उपकरणाबरोबर येत नाही. ती वर्गात शिक्षकालाच आणावी लागते.